धुराडे, वारा आणि वही: कारखान्याशेजारच्या वस्तीने हवा कशी मोजावी

तक्रार रात्रीची असते आणि तपासणी दुपारची. कारखान्याला लागून राहणाऱ्या बहुतेकांचा हा अनुभव आहे. पहाटे तीनला डोळे चुरचुरतात, लहान मूल खोकत उठते, खिडकी लावली तरी वास आत येतो. अधिकारी पाहणीला येतात तेव्हा ऊन पडलेले असते, वारा फिरलेला असतो आणि हवा मोकळी असते. वस्तीचे लोक खोटे बोलत नसतात आणि पाहणी करणाराही दर वेळी खोटे लिहीत नसतो. दोघे वेगवेगळ्या हवेत उभे असतात. रात्रीची हवा दुपारी आलेल्या माणसासमोर ठेवता येईल अशी टिपून कशी ठेवायची, ते या लेखात क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक विनंती: यंत्र आज विकत घेऊ नका. उत्साहाने यंत्र आणायचे, भिंतीला टांगायचे, महिनाभर आकडे पाहायचे आणि मग या आकड्यांचे करायचे काय असा प्रश्न पडून सगळे थांबायचे, असे फार वेळा होते. आधी प्रश्न, मग वही, मग वारा आणि त्यानंतर यंत्र, असा क्रम ठेवलात तर मेहनत वाया जाणार नाही.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘हवा खराब आहे का?’ या प्रश्नाला मोजता येईल असे उत्तर नाही. ‘शाळेच्या वेळेत शाळेच्या आवारात सूक्ष्म धूलिकण किती असतात?’ याला आहे. ‘पहाटे येणारा कुजक्या अंड्यांचा वास कोणत्या बाजूने येतो?’ यालाही आहे. ‘कुंपणालगतच्या घरांपाशी बेंझिन या कर्करोगकारक रसायनाची वर्षभराची सरासरी किती?’ हा तिसरा प्रश्न. तिन्हींची साधने वेगळी, मुदत वेगळी आणि खर्चही वेगळा. पहिल्याला दर मिनिटाला आकडा देणारे यंत्र लागते, दुसऱ्याला वाऱ्याची नोंद, तिसऱ्याला हवेतले रसायन शोषणाऱ्या, वर्षभर बदलत राहायच्या नळ्या आणि प्रयोगशाळा.

प्रश्नाच्या शेजारीच लिहा: उत्तर मिळाल्यावर कृती कोण करणार? मुख्याध्यापकांनी खेळाचा तास आत घ्यायचा असेल, तर अंदाजी पण तत्काळ मिळणारा आकडा चालतो. न्यायालयात उभे राहायचे असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची अखंड नोंद लागते. कामाचा पुरावा कोणता, हे तो कोणापुढे ठेवायचा यावर ठरते.

दुसरी पायरी: कारखाना समजून घ्या

हवेत सगळेच मोजता येत नाही, म्हणून काय शोधायचे ते आधी कळले पाहिजे. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरमधून सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि उडती राख येते. सिमेंट आणि खडी फोडण्याच्या कामात मुख्यतः जाडसर धूळ. तेलशुद्धीकरणात बेंझिन, हायड्रोजन सल्फाइड आणि इतर बाष्पशील सेंद्रिय (सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी कार्बनयुक्त) रसायने. रंग आणि द्रावकांच्या कारखान्यात टोल्युइन, झायलिन. खतांच्या कारखान्यात अमोनिया. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांतून सल्फर डायऑक्साइडबरोबर शिसे आणि आर्सेनिकही येऊ शकते.

ही माहिती परवान्याच्या कागदांत, पर्यावरण अहवालांत आणि अग्निशमन दलाकडे दिलेल्या रसायनांच्या यादीत सापडते. कागदांइतकेच मोलाचे असते जुन्या कामगारांशी बोलणे. पाळी कधी बदलते, भट्टी कधी पेटवतात, धुरातली धूळ अडवणारी गाळणी कधी बंद ठेवली जाते, टाकी कोणत्या वारी भरतात हे त्यांना ठाऊक असते. कामगारांना विरोधी पक्ष समजू नका. त्या हवेचा पहिला घोट त्यांच्याच छातीत जातो. त्यांनी सांगितलेले मात्र नाव न लिहिता जपून ठेवा, कारण त्यांची नोकरी पणाला लागलेली असते.

प्रदूषण बाहेर पडण्याच्या वाटा तीन. पहिली धुराडे. दुसरी गळती: झडपा, पाइपांचे सांधे, टाक्यांची झाकणे, सांडपाण्याची तळी. तिसरी आवारातली उघडी धूळ: कोळशाचे ढीग, राखेचे ढिगारे, मालमोटारींचे रस्ते. धुराड्यात बसवलेले सतत मोजणारे यंत्र फक्त पहिली वाट पाहते. त्यामुळे कारखान्याने दाखवलेला धुराड्याचा आकडा खरा असूनही वस्तीत बाष्पांचा त्रास असू शकतो. उंच धुराड्याचा धूर पायथ्याशी न पडता बराच दूर जाऊन जमिनीला टेकतो, तर गळती कुंपणालगत सर्वांत दाट असते. म्हणून कुंपणाजवळच्या घरांना एक त्रास आणि दोन किलोमीटरवरच्या वस्तीला दुसराच, असेही होते.

तिसरी पायरी: वही

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित साधन. एकाच नमुन्याच्या वह्या किंवा मोबाइलवरचा सामायिक तक्ता वस्तीच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा-बारा घरांत द्या. रकाने असे: तारीख, वास सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, ठिकाण, वास कशासारखा, तीव्रता शून्य ते सहा, वारा कोणत्या बाजूने, शरीराला झालेला त्रास आणि इतर काही दिसले-ऐकले का (मोठी ज्वाला, भोंगा, वाफ सोडल्याचा आवाज).

‘घाण वास’ असे लिहू नका. कुजकी अंडी, जळके रबर, नेलपॉलिश, डांबर, जलतरण तलाव, मांजराचे मूत्र अशी ओळखीची उपमा लिहा. ऐकायला साधी वाटली तरी रसायन ओळखायला त्या फार उपयोगी पडतात: कुजकी अंडी हायड्रोजन सल्फाइडकडे बोट दाखवतात, तलावाचा वास क्लोरीनकडे, नाकात झोंबणारे मूत्र अमोनियाकडे.

याहून महत्त्वाचे म्हणजे वास नसल्याचीही नोंद हवी. दिवसातल्या दोन ठरावीक वेळी, समजा सकाळी सहा आणि रात्री दहा, प्रत्येकाने घराबाहेर येऊन वही भरायची. काहीच नसेल तर शून्य लिहायचे. फक्त वाईट दिवस लिहिलेल्या वहीला ‘तुम्ही निवडून लिहिले’ एवढे म्हटले की ती मोडीत निघते. शून्यांनी भरलेली पाने हा वहीचा कणा आहे. आणि शेजाऱ्याचा संदेश वाचून आपली नोंद करायची नाही. पाच घरांनी एकमेकांना न विचारता एकाच वेळी एकच वास लिहिला, तर त्या पाच नोंदींचे वजन पन्नास तक्रारींपेक्षा जास्त.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ‘स्मेल पिट्सबर्ग’ नावाचे मोबाइल ॲप २०१६ पासून हेच काम करते. लोक वासाची नोंद करतात, ती नकाशावर सर्वांना दिसते आणि आरोग्य खात्याकडेही पोहोचते.

नाकाच्या मर्यादाही माहीत हव्यात. हायड्रोजन सल्फाइड काही पीपीबी, म्हणजे अब्जात काही भाग, एवढा असला तरी वास येतो. त्रास होण्याआधीच नाक सावध करते. पण त्याचे प्रमाण सुमारे १०० पीपीएम, म्हणजे दशलक्षात १०० भाग, झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास ‘गेला’ असे वाटते. तेव्हा धोका वाढलेला असतो. बेंझिनचे उलटे. त्याचा वास येऊ लागतो तेव्हा प्रमाण आरोग्यासाठी केव्हाच फार पुढे गेलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. वास नाही म्हणजे हवा चांगली, असे कधीही धरू नका.

चौथी पायरी: वारा

वाऱ्याशिवाय हवेचा आकडा मुका असतो. तो ‘किती’ एवढेच सांगतो, ‘कुठून’ सांगत नाही. कारखान्याचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो हाच: हे रस्त्यावरच्या गाड्यांमुळे कशावरून नाही?

शक्य असेल तर वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदवणारे छोटे हवामान केंद्र मोकळ्या जागी बसवा. मानक उंची दहा मीटर आहे. तेवढी जमली नाही तर निदान आसपासच्या छपरांच्या आणि झाडांच्या वर. दोन इमारतींच्या बोळात बसवलेले केंद्र बोळाची दिशा सांगते, वाऱ्याची नाही. बसवताना उत्तर नीट धरा. त्यात वीस अंशांची चूक झाली तर दोष भलत्याच कारखान्याच्या माथी जातो. केंद्र नसेल तर काठीला बांधलेली रेशमी फीत आणि कंपास यांनी वहीत दिशा लिहिता येते. आणि हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती दिशा, हे सगळ्या नोंदी करणाऱ्यांना एकदा नीट सांगा. या एका गोंधळाने सबंध नोंदी उलट्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मग नकाशावर प्रत्येक मोजणीच्या जागेवरून कारखान्याच्या दोन्ही टोकांना रेषा काढा. त्या दोन रेषांमधला कोन म्हणजे ‘कारखान्याकडचा वारा’. दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंश जास्त धरा. वेळही लक्षात घ्या. तीन मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला १,८०० मीटर अंतर कापायला दहा मिनिटे लागतात. तीन वाजता सुटलेला वायू तीन वाजून दहा मिनिटांनी पोहोचतो.

रात्रीचा त्रास जास्त का, याचेही उत्तर हवेच्या रचनेत आहे. दिवसा जमीन तापते, हवा वर जाते आणि धूर पातळ होतो. स्वच्छ, शांत रात्री जमीन निवते, खाली थंड हवा आणि वर उबदार हवा असा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसा तो सगळे खाली कोंडतो. यालाच तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात असेच कारखान्यांचे धुके अडकले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा गावात जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर काही दिवस कोंडला आणि वीस जण गेले. कारखाने त्याआधीही धूर ओकतच होते. त्या दिवसांत हवेने तो नेला नाही. म्हणून मोजणी रात्रीची आणि पहाटेची हवीच. फक्त कार्यालयीन वेळेत केलेली मोजणी वस्तीला न्याय देऊ शकत नाही.

पाचवी पायरी: साधन निवडा

आता यंत्राकडे वळू. इथे थोडा वेळ काढतो, कारण फसगत इथेच होते.

*धूलिकणांचे छोटे सेन्सर.* हाताच्या पंज्याएवढे असतात. आत लेझरचा प्रकाश कणांवर पडून विखुरतो, त्यावरून यंत्र वजनाचा अंदाज बांधते. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचा चढउतार ते चांगला दाखवतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून दाखवते. धुक्याच्या पहाटेचा मोठा आकडा प्रदूषणाचा आहे की पाण्याचा, हे आर्द्रता पाहिल्याशिवाय सांगू नका. दुसरे, पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा या यंत्रांवर दिसत असला तरी जाड कण ते नीट मोजू शकत नाहीत. खडी, सिमेंट किंवा राखेच्या धुळीचा प्रश्न असेल आणि तुम्ही हा सेन्सर लावलात, तर तो ‘सगळे ठीक’ म्हणेल आणि ते तुमच्याच विरुद्ध वापरले जाईल. तिथे ठरावीक हवा गाळणीतून ओढून, गाळणीचे वजन करणारे यंत्रच हवे.

*खाली बसणारी धूळ.* अंगणात, पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणाऱ्या धुळीसाठी रुंद तोंडाची मोजकी भांडी महिनाभर ठेवून आतली धूळ वजन करतात. उत्तर एका चौरस मीटरवर एका दिवसात किती मिलिग्रॅम असे येते. पद्धत जुनी आहे, पण जाड धुळीच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. त्या धुळीला लोहचुंबक लावून पाहा. भरपूर कण चिकटले तर पोलाद कारखान्याचा संशय बळावतो. नक्की कशाची ते सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळाच सांगेल.

*वायूंचे विद्युत्-रासायनिक सेन्सर.* सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड यांसाठी मिळतात. उष्णतेने आणि वयाने त्यांचे वाचन सरकत जाते, साधारण दोन वर्षांत ते थकतात आणि एका वायूला दुसरा समजतात; नायट्रोजन डायऑक्साइडच्या सेन्सरला ओझोनही ‘दिसतो’. अचानक उसळी आली हे कळण्यासाठी वापरा. नेमक्या प्रमाणाचा दावा त्यांच्या जोरावर करू नका.

*प्रकाश-आयनीकरण यंत्र.* बाष्पशील सेंद्रिय रसायनांची एकत्र बेरीज दाखवते. नेहमीच्या दिव्याने त्याला मिथेन दिसत नाही आणि बेंझिन कोणते, टोल्युइन कोणते हे ते वेगळे सांगत नाही. नमुना कधी घ्यावा हे ठरवायला मात्र उत्तम.

*शोषक नळ्या.* पेनाएवढी धातूची नळी, आत शोषक पदार्थ. वीज नको, पंप नको. दोन आठवडे टांगायची, बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. बेंझिनच्या दीर्घकालीन सरासरीसाठी माझी पहिली पसंती हिलाच. अमेरिकेने २०१५ च्या नियमाने तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणाभोवती अशा नळ्या लावणे सक्तीचे केले. दर दोन आठवड्यांनी सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करतात, म्हणजे बाहेरून वाहत आलेले बेंझिन निघून जाते. या फरकाची वर्षाची सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर कारखान्याला कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. वस्तीच्या गटालाही ही वजाबाकी जशीच्या तशी वापरता येते. नळीतून क्षणिक उसळी मात्र कळत नाही, ती पंधरा दिवसांत विरघळून जाते.

*क्षणाचा नमुना.* वास शिगेला असताना हवाच भरून घ्यायची. त्यासाठी आतून निर्वात केलेले पोलादी भांडे वापरतात. कॅलिफोर्नियात १९९५ च्या सुमारास साध्या प्लास्टिकच्या बादलीत विशिष्ट प्लास्टिकची पिशवी बसवून याची स्वस्त आवृत्ती निघाली. लुइझियाना राज्यातल्या नॉर्को गावच्या डायमंड वस्तीतल्या लोकांनी अशा बादल्यांनी नमुने घेतले, वर्षानुवर्षे लढा दिला आणि २००२ मध्ये वस्ती दुसरीकडे हलवण्याचा करार मिळवला. त्या लढ्याच्या नेत्या मार्जी रिचर्ड यांना २००४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. रिचर्ड पेशाने शाळाशिक्षिका होत्या. रसायनशास्त्राची पदवी नसलेली माणसेही हे काम नेटाने करू शकतात, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

*उपग्रह.* युरोपचा सेंटिनेल-५पी २०१७ पासून नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइडचे नकाशे फुकट देतो. पण त्याचा एक ठिपका काही किलोमीटरांचा असतो आणि तो दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. मोठ्या वीजकेंद्राचा वर्षभराचा ठसा दिसेल. तुमच्या गल्लीतली पहाट दिसणार नाही.

सहावी पायरी: जागा

निदान तीन जागा घ्या: कारखान्याकडून वारा येतो त्या बाजूची वस्ती, कारखान्याच्या पलीकडची, म्हणजे वारा कारखान्यापर्यंत पोहोचण्याआधीची जागा, आणि सर्वांत नाजूक माणसे असतील ती जागा, म्हणजे शाळा, दवाखाना किंवा वृद्धांचे घर. एकाच जागेचा आकडा कितीही मोठा असला तरी तो कशाशी ताडून पाहणार?

यंत्र माणसाच्या नाकाच्या उंचीला किंवा जरा वर, चहूबाजूंनी वारा लागेल असे हवे. स्वयंपाकघराचा धूर, जनित्र, कचरा जाळण्याची जागा, गाड्यांचा थांबा यांपासून लांब. एकदा आमच्या गटाच्या एका यंत्राने रोज संध्याकाळी सातला उसळी दाखवली. आठवडाभर आम्ही ती कारखान्याची समजत होतो. भिंतीच्या मागे कोणाची तरी चूल होती. तेव्हापासून यंत्र बसवण्याआधी त्या जागी सकाळ, दुपार, रात्र प्रत्येकी अर्धा तास उभे राहायचे, हा नियम आम्ही केला.

कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, नमुन्यासाठीसुद्धा. तसा मिळवलेला पुरावा बहुधा बाद होतो आणि माणूस अडकतो.

सातवी पायरी: यंत्राची परीक्षा

सगळी यंत्रे आधी दोन आठवडे एकाच जागी शेजारी-शेजारी ठेवा. सारख्या हवेत ती सारखे बोलतात का ते पाहा. एखादे सतत जास्त सांगत असेल तर किती जास्त ते लिहून ठेवा. जवळपास सरकारी किंवा विद्यापीठाचे प्रमाणित केंद्र असेल तर तिथे परवानगी घेऊन हेच करा आणि त्यावरून दुरुस्तीचे सूत्र काढा. शेवटीही हीच परीक्षा घ्या, म्हणजे मधल्या काळात यंत्र किती सरकले ते कळेल.

प्रयोगशाळेच्या नमुन्यांत दर दहांमागे एक नळी न उघडता तशीच नेऊन परत आणायची. तिच्यात बेंझिन निघाले तर ते प्रवासातले किंवा हाताळणीतले. दर दहांमागे एका जागी दोन नळ्या लावायच्या आणि त्यांचे आकडे जुळतात का ते पाहायचे. प्रत्येक नमुन्याबरोबर कागद हवा: कोणी लावला, कधी काढला, कोणाकडे दिला, सह्या. सर्व यंत्रांची घड्याळे एक हवीत. मूळ आकड्यांची प्रत कधीही बदलायची नाही. दुरुस्त्या वेगळ्या रकान्यात. यंत्राला सापडलेच नाही तर ‘शून्य’ लिहू नका, ‘मोजण्याच्या मर्यादेखाली’ लिहा.

आठवी पायरी: आकडे वाचा

पहिला सापळा मापाचा. वायूचे आकडे कधी पीपीबीमध्ये येतात, कधी घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये. २५ अंश तापमानाला पीपीबीला रेणुभाराने गुणून २४.४५ ने भागले की मायक्रोग्रॅम मिळतात. सल्फर डायऑक्साइडचा १ पीपीबी म्हणजे सुमारे २.६ मायक्रोग्रॅम, बेंझिनचा सुमारे ३.२. हे न पाहता मानकाशी तुलना केली तर तिप्पट चूक होऊ शकते.

दुसरा सापळा कालावधीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये अशा: पीएम २.५ वर्षाला ५ आणि २४ तासांना १५; पीएम १० वर्षाला १५ आणि २४ तासांना ४५; नायट्रोजन डायऑक्साइड वर्षाला १० आणि २४ तासांना २५; सल्फर डायऑक्साइड २४ तासांना ४०. सल्फर डायऑक्साइडसाठी दहा मिनिटांना ५०० ही जुनी मर्यादाही कायम आहे, कारण दम्याच्या रुग्णाला थोडा वेळही बाधतो. तुमच्या देशाची मानके बहुधा यापेक्षा सैल असतील. कायद्याच्या कामात तीच लागू होतात, म्हणून अहवालात दोन्ही लिहा. पाच मिनिटांच्या उसळीची तुलना वर्षाच्या मर्यादेशी करायची नाही. उलटही तितकेच चूक: चोवीस तासांच्या सरासरीत पहाटेचे दोन विषारी तास बुडवून ‘मर्यादेत आहे’ म्हणायचे, हे आपण मान्य करू नये. बेंझिन कर्करोगकारक आहे आणि त्याची पूर्ण सुरक्षित अशी पातळी नाही.

आता वारा आणि आकडा एकत्र आणा. उदाहरणादाखल कल्पित आकडे घेतो. तीस दिवसांचे ७२० तास. यंत्र बंद होते ते वगळून ६४० उरले. त्यांपैकी १६० तास वारा कारखान्याकडून, ४८० तास इतर दिशांनी. पीएम २.५ घनमीटरला साठ मायक्रोग्रॅमच्या वर गेलेले तास मोजले: कारखान्याकडच्या १६० पैकी ५६, म्हणजे ३५ टक्के, इतर ४८० पैकी २४, म्हणजे ५ टक्के. कारखान्याकडून वारा असताना हवा बिघडण्याची शक्यता सातपट. हे गणित शाळेतल्या मुलालाही समजते आणि नाकारायला कठीण जाते. तरी त्याच दिशेला हमरस्ता किंवा दुसरा कारखाना आहे का, कारखाना बंद असलेल्या दिवशी काय दिसले, पलीकडच्या जागी त्याच तासांत काय होते, हे तपासून मगच बोला. बंद दिवसाची तुलना हाती लागली तर ती सोडू नका.

ताशी सरासरी काढताना त्या तासातली निदान तीन चतुर्थांश वाचने हवीत. आणि तुमच्या समजुतीला न मानवणारे आकडे लपवू नका. आपण ते काढले आणि समोरच्याने शोधले, तर उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

नववी पायरी: मांडणी

अधिकाऱ्याला शंभर पानी आकड्यांची गाठोडी देऊ नका. वर एक पान: नकाशा, जागा, मुदत, वाऱ्यानुसारचा तक्ता, सर्वांत वाईट पाच घटना तारीख-वेळेसह आणि शेवटी नेमकी मागणी. ‘प्रदूषण थांबवा’ या मागणीला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढेच उत्तर येते. ‘अमुक तारखेला पहाटे २ ते ५ या वेळेतली धुराड्याची सतत नोंद, वायू जाळण्याच्या ज्वालेची नोंद आणि गाळणी दुरुस्तीची वही दाखवा’ या मागणीला उत्तर द्यावे लागते. रात्रीची तपासणी, गळतीशोध मोहीम, कोळशाच्या ढिगावर आच्छादन, कुंपणावर कायम यंत्र आणि त्याचे आकडे सर्वांना खुले, अशा मागण्या करा.

आजारांची नोंद करत असाल तर नावे आणि घरे उघड करू नका. ‘या धुरामुळेच हा आजार’ असे तुमच्या मोजणीवरून सिद्ध होत नाही. ‘ज्या रात्री आकडा चढला त्या रात्री दम्याच्या तक्रारी जास्त’ एवढे मांडा आणि पुढचा अभ्यास आरोग्य खात्याकडे मागा.

आणीबाणी: इथे मोजत बसू नका

वरचे सारे रोजच्या प्रदूषणासाठी. मोठी गळती झाली तर नमुना घ्यायला ढगात शिरू नका. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुटलेला मिथिल आयसोसायनेट हवेपेक्षा जड होता. तो जमिनीलगत पसरला आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरला. हजारो माणसे गेली. कारखान्यात काय साठवले आहे आणि ते सुटले तर काय करायचे, हे बाहेरच्या लोकांना कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणून आधीच ठरवून ठेवा. धोक्याचा भोंगा कसा वाजतो, दूरध्वनीची साखळी कोणाकडून सुरू होते, चालता न येणाऱ्यांना कोण नेणार. बाहेर पडायचे असेल तर वाऱ्याच्या दिशेला आडवे निघायचे. वाऱ्यासोबत धावले तर ढग सोबत येतो. आडोशाला थांबायचे असेल तर दारे-खिडक्या बंद, पंखे आणि वातानुकूलन बंद, फटींत ओली फडकी. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर तळघरात न जाता वरच्या मजल्यावर. कोणत्या रसायनाला काय करायचे याचा कागद कारखान्याकडून आणि अग्निशमन दलाकडून आजच मागा, आणि तो घराघरांत लावा.

दुरुस्ती झाल्यावर

नवी गाळणी बसली, झडप बदलली, असे पत्र आले की बहुतेक गट यंत्रे उतरवतात. तेव्हा उतरवू नका. त्याच जागी, त्याच यंत्रांनी, त्याच ऋतूत पुन्हा मोजा आणि कारखान्याकडून वारा असलेल्या तासांची तुलना मागच्या वर्षीच्या तशाच तासांशी करा. पावसाळ्यात धूळ आपोआप बसते आणि उत्पादन मंदावले तरी हवा सुधारते. म्हणून त्या महिन्यांतले उत्पादन किती होते, हेही लेखी विचारून ठेवा. वह्या भरणाऱ्या घरांना दर महिन्याला तक्ता वाचून दाखवा आणि पुढच्या कोऱ्या वह्या त्याच बैठकीत वाटा.